मानकं, मानक संस्था आणि देशांचे कोड: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे लघुउद्योजक, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार, सराफ बाजारात सोनं घ्यायला आलेली मंडळी आणि इंजिनीअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. हा विषय रुक्ष वाटतो म्हणून बरेच जण तो एजंटावर सोपवून मोकळे होतात आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. म्हणून जिथे पैसे किंवा माल अडकतो, तिथली उत्तरं मोठी दिली आहेत.

मानक म्हणजे नेमकं काय?

एखादी वस्तू, चाचणी किंवा कामाची पद्धत कशी असावी, याबद्दल संबंधितांनी एकत्र बसून ठरवलेला आणि लिहून ठेवलेला करार म्हणजे मानक.

अंबडमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये याचा पुरावा हातात मिळतो. एम १० चा बोल्ट एका दुकानातून घ्या आणि नट दुसऱ्या शहरातून मागवा, दोन्ही एकमेकांत बसतात. कारण एम १० म्हटलं की नाममात्र व्यास १० मिमी, जाड आट्यांचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी आणि आट्यांचा कोन ६० अंश, हे आधीच ठरलेलं आहे. आता जुन्या इंग्लिश मशीनमधला ३/८ इंची व्हिटवर्थ बोल्ट घ्या. त्याचा व्यास ९.५२५ मिमी, इंचाला १६ आटे आणि कोन ५५ अंश. दिसायला तो एम १० च्या इतका जवळचा की नवीन पोरगा हमखास फसतो. तो एम १० च्या नटात सुरुवातीचे काही आटे फिरतो आणि मग अडकतो. जोर लावून बसवला तर आटे खराब होतात, आणि त्या जोडावर भार आला की तो सुटण्याची भीती असते. आयएसओ, म्हणजे मानकांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिची पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समिती आट्यांसाठीच आहे. भारतात मेट्रिक आट्यांचं मानक आयएस ४२१८ हे आहे.

मानक नसलं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात लागलेली आग. मदतीला वॉशिंग्टन, फिलाडेल्फियासारख्या शहरांतून अग्निशमन दलं धावून आली, पण त्यांच्या होजचे कपलिंग बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. पाणी होतं, माणसं होती, पंप होते, तरीही शहराचा मध्यवर्ती भाग जळाला. त्यानंतर अमेरिकेत कपलिंगचं राष्ट्रीय मानक झालं.

राष्ट्रीय मानक संस्था म्हणजे कोण? आपली कोणती?

देशाच्या वतीने मानकं तयार करणारी आणि आंतरराष्ट्रीय टेबलावर देशाची बाजू मांडणारी संस्था. आपली संस्था म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, म्हणजेच बीआयएस. तिची सुरुवात ६ जानेवारी १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आधी सात महिने, भारतीय मानक संस्था या नावाने झाली. आयएसआय ही अक्षरं तिथूनच आली. १९८६ च्या कायद्याने १ एप्रिल १९८७ पासून तिचं ब्यूरोत रूपांतर झालं आणि आज ती २०१६ च्या कायद्याखाली, केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते.

पहिल्या क्रमांकाचं भारतीय मानक, आयएस १, कशाचं आहे हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो: आपल्या राष्ट्रध्वजाचं. लांबी-रुंदीचं ३:२ प्रमाण, कापड, रंगछटा, शिवण, सगळं त्यात लिहिलेलं आहे. देश नव्याने उभा राहत असताना पहिला क्रमांक तिरंग्याला दिला गेला, याचा मला अभिमान वाटतो.

प्रत्येक देशात अशी संस्था सरकारीच असते असं नाही. ब्रिटनची बीएसआय १९०१ पासूनची, जगातली सर्वांत जुनी, आणि ती राजसनदेखाली चालते. जर्मनीची डीआयएन (१९१७) नोंदणीकृत संघ आहे. अमेरिकेची एएनएसआय (१९१८) स्वतः मानकं लिहीतच नाही, ती इतर संस्थांनी लिहिलेल्या मानकांना राष्ट्रीय मान्यता देते. द्राक्षवाल्यांचा ज्यांच्याशी जास्त संबंध येतो त्या नेदरलँड्सची संस्था एनईएन.

मग आयएसओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे का?

नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये २५ देशांचे प्रतिनिधी लंडनला जमले आणि २३ फेब्रुवारी १९४७ ला आयएसओचं काम सुरू झालं. मुख्यालय जिनिव्हात. ही बिनसरकारी संघटना आहे आणि राष्ट्रीय मानक संस्था तिच्या सदस्य आहेत. एका देशाची एकच संस्था. भारत संस्थापक सदस्यांपैकी एक.

विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी वेगळी संस्था आहे: आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, १९०६ सालचा, लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष. नाशिकमध्ये स्विचगियर आणि पॅनेल बनवणारे इतके कारखाने आहेत की इथे या आयोगाची मानकं आयएसओपेक्षाही जास्त हाताळली जातात. पॅनेलवर लिहिलेलं आयपी ६५ त्यांच्याच ६०५२९ क्रमांकाच्या मानकातून येतं. त्यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ५ म्हणजे नळीने पाण्याचा फवारा मारला तरी नुकसान होणार नाही. दूरसंचाराची संस्था, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, याहून जुनी, १८६५ ची, आणि ती मात्र आज संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे.

निर्यातीसाठी आयईसी नंबर घेतला. तो याच विद्युत आयोगाचा का?

नाही. तो आयात-निर्यात कोड. परकीय व्यापार महासंचालनालय तो देतं आणि आता तो पॅन क्रमांकाशी जोडलेला असतो. अक्षरं सारखी आहेत, एवढाच संबंध.

आमच्याकडे एक एजंट आला होता. म्हणाला, आठवड्यात आयएसओ सर्टिफिकेट आणून देतो. घ्यावं का?

घेऊ नका. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

आयएसओ कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती फक्त मानक लिहून प्रसिद्ध करते. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे तुमचं काम चालतं की नाही, हे तपासून प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था. त्या संस्थांना तपासण्याचा अधिकार आहे की नाही, हे मान्यता मंडळ बघतं. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी हे मंडळ करतं. प्रयोगशाळांसाठी एनएबीएल आहे. म्हणजे साखळी अशी: तुम्ही, तुम्हाला तपासणारी संस्था, आणि त्या संस्थेला तपासणारं मंडळ. एजंटाने आणलेल्या कागदात बहुतेक वेळा ही तिसरी कडीच नसते. प्रमाणन संस्थेचं नाव भारदस्त, पत्ता परदेशातला, पण तिला मान्यता देणारं मंडळ शोधलं तर तेही त्याच मंडळींनी उभं केलेलं निघतं. परदेशातला ग्राहक हे पाच मिनिटांत शोधतो. नंतर तुमच्या चांगल्या मालाकडेही तो संशयाने बघतो, आणि तो विश्वास परत मिळवायला फार वेळ जातो.

प्रमाणपत्र हातात आलं की तीन गोष्टी बघा. मान्यता मंडळाचं चिन्ह आणि क्रमांक आहे का, आणि तो त्या मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतो का. वर्ष लिहिलंय का, म्हणजे नुसतं ९००१ न लिहिता ९००१:२०१५. आणि सर्वांत महत्त्वाचं, व्याप्ती. तिथे 'शीट मेटल घटकांचं उत्पादन' लिहिलं असेल, तर तुमचं पावडर कोटिंग त्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट. ९००१ वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. ते कामाच्या पद्धतीबद्दल बोलतं. 'आमचा पाइप आयएसओ सर्टिफाइड' असं माहितीपत्रकात छापणं चूक आहे, आणि आयएसओचं बोधचिन्ह छापायला तर परवानगीच नाही.

मग वस्तूवर असलेला आयएसआय मार्क वेगळा?

हो, तो वस्तूचाच. आधी नमुना तपासतात, कारखाना बघतात आणि मग परवाना मिळतो. खरा मार्क ओळखायचा तर चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो, जसा बाटलीबंद पाण्यासाठी १४५४३ किंवा दुचाकीच्या हेल्मेटसाठी ४१५१, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की बंद, सगळं दिसतं. नुसतं त्रिकोणी-चौकोनी चिन्ह असेल आणि क्रमांकच नसेल तर वस्तू परत ठेवा.

सराफ बाजारात सोनं घेताना काय बघू?

तीन खुणा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि अक्षर-अंकांचा सहा स्थानांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याला वेगळा असतो. दुकानदाराकडून भिंग मागून घ्या, क्रमांक स्वतः वाचा आणि ॲपमध्ये तपासा. चांगला सराफ स्वतःहून भिंग पुढे करतो. आजीच्या काळातले दागिने घरात ठेवायला काहीच अडचण नाही, नियम दुकानदाराच्या विक्रीला आहे.

मानक पाळणं सक्तीचं असतं का?

मूळात नाही, मानक ऐच्छिक असतं. पण सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की तेच मानक त्या वस्तूसाठी सक्तीचं होतं. खेळण्यांचं तसं १ जानेवारी २०२१ पासून झालं. तुमची वस्तू अशा आदेशाखाली येते का, हे उत्पादन सुरू करण्याआधी बघा. माल तयार झाल्यावर बघून उपयोग नसतो.

निर्यातीत तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आयएसओसारखी मानकं ऐच्छिक. आयात करणाऱ्या देशाचा कायदा सक्तीचा. युरोपची कीटकनाशक अंशांची मर्यादा हा कायदा आहे. आणि ग्लोबल गॅप ही चांगल्या शेतीपद्धतींच्या प्रमाणपत्राची खासगी योजना, सुपरमार्केटवाल्यांनी सुरू केलेली. ती कायद्याने सक्तीची नाही, पण ती नसेल तर खरेदीदार दारातही उभं करत नाही.

२०१० साल द्राक्ष बागायतदार विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेत ज्याला सीसीसी म्हणतात, त्याच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत हे नव्हतं. प्रयोगशाळेचे अहवाल बरोबर होते, कागद पूर्ण होते, तरीही माल अडला, कारण तिकडचा कायदा आणि इकडची यादी यांचा मेळ बसलेला नव्हता. तेव्हा ज्यांचे कंटेनर बंदरात उभे राहिले, त्यांच्याशी बोललात तर कळेल की एका रसायनाचं नाव यादीत नसणं म्हणजे काय असतं.

देशांचे दोन अक्षरी कोड कोण ठरवतं?

आयएसओ ३१६६ हे मानक, पहिल्यांदा १९७४ साली आलेलं. जिनिव्हातली एक देखभाल यंत्रणा ते अद्ययावत ठेवते. यादीत आज २४९ नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ च आहेत, तरी नोंदी जास्त, कारण ग्रीनलँड, हाँगकाँग किंवा अंटार्क्टिकासारख्या प्रदेशांनाही वेगळा कोड आहे. म्हणून 'देशांचे कोड' म्हणत असलो तरी कोड असणं म्हणजे स्वतंत्र देश असणं नव्हे.

भारताचे तीन कोड: आयएन, आयएनडी आणि ३५६. दोन अक्षरी सगळ्यात जास्त चालतो, तीन अक्षरी वाचायला सोपा. अंकी कोड संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतो आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे तो कुठल्याच लिपीवर अवलंबून नाही. रोमन न वाचणाऱ्यालाही ३५६ चालतो.

एखादा देश आहे की नाही, हे मग आयएसओ ठरवते?

नाही, आणि ही या मानकातली सर्वांत शहाणपणाची व्यवस्था आहे असं मला वाटतं. नावं संयुक्त राष्ट्रांच्या याद्यांमधून घेतली जातात. तिथे नाव आलं की इथे कोड मिळतो. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याला एसएस हा कोड मिळाला. कोसोव्होला भारतासह अनेक देशांची मान्यता नाही आणि तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही नाही, म्हणून त्याला अधिकृत कोड नाही. व्यवहारात एक्सके वापरतात, कारण एक्सने सुरू होणारे कोड मुद्दाम वापरकर्त्यांसाठी मोकळे ठेवलेले आहेत. ब्रेक्झिटनंतर उत्तर आयर्लंडच्या व्यापारासाठी वापरला जाणारा एक्सआय त्यातलाच.

इंटरनेटची नावं वाटणाऱ्यांनीही हीच वाट धरली. जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं की कोण देश आणि कोण नाही हे ठरवणं आमचं काम नाही, आम्ही ३१६६ ची यादी वापरू. त्यामुळे एक मोठं भांडण तंत्रज्ञांच्या दारात आलंच नाही.

स्वित्झर्लंडला सीएच, जर्मनीला डीई का? आणि इंग्लंडला यूके की जीबी?

बऱ्याच देशांचा कोड त्यांच्या स्वतःच्या भाषेतल्या नावावरून येतो. जर्मनी डॉइचलँड म्हणून डीई, स्पेन एस्पान्या म्हणून ईएस, क्रोएशिया ह्रवात्स्का म्हणून एचआर. स्वित्झर्लंडमध्ये चार भाषा, म्हणून कुणाचीच न घेता लॅटिन नावावरून सीएच.

लंडनला माल पाठवणाऱ्यांनी कागदावर जीबी लिहावं, तोच अधिकृत कोड आहे. यूके हा राखीव ठेवलेला आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला मिळणार नाही, पण वेबसाइटच्या नावात तो आधीपासून रूढ झालेला असल्यामुळे लोक गोंधळतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये यूके टाकलं आणि प्रणालीने नाकारलं, अशी तक्रार आली की पहिली शंका हीच घ्यायची. एसई म्हणजे स्वीडन आणि सीएच म्हणजे स्वित्झर्लंड, हेही टेबलासमोर लिहून ठेवा. चीन सीएन आहे. घाईत सीएच टाकलेलं डोळ्यांसमोर आहे.

देश बदलला, फुटला, नाव बदललं तर जुना कोड?

तो ३१६६ च्या तिसऱ्या भागात जातो, चार अक्षरांचा होऊन. ब्रह्मदेशाचा बीयू जाऊन १९८९ मध्ये एमएम आला, झाईरचा झेडआर जाऊन सीडी. अडचण झाली ती सीएसची. चेकोस्लोव्हाकिया फुटल्यावर मोकळा झालेला हा कोड २००३ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला. जुन्या नोंदींमधला सीएस म्हणजे कोणता देश, हे संगणकाला कळेना. ग्रंथालयं, बँका, सांख्यिकी कार्यालयं सगळ्यांनी आरडाओरडा केला. त्यानंतर नियम बदलला. आता सोडलेला कोड किमान ५० वर्षं दुसऱ्याला देत नाहीत, आधी ही मुदत फक्त पाच वर्षांची होती.

फोनचा ९१, बारकोडचा ८९०, नंबर प्लेटवरचं आयएनडी, हे सगळे ३१६६ चेच का?

नाही, प्रत्येकाचं घर वेगळं. +९१ दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीतून येतो. गाड्यांच्या नव्या पाट्यांवर डाव्या बाजूला निळ्या रंगात असलेलं आयएनडी हे आंतरराष्ट्रीय वाहतुकीतलं आपलं चिन्ह, योगायोगाने तेच. जर्मनीच्या बाबतीत हे जुळत नाही: गाडीवर नुसतं डी, ऑलिंपिकमध्ये जीईआर आणि आयएसओत डीईयू. पुस्तकाच्या आयएसबीएनमध्ये ९७८ नंतर येणारे ८१ किंवा ९३ म्हणजे भारत, तेही वेगळ्याच यादीतून.

८९० बद्दल गैरसमज फार पसरलेला आहे. दिवाळीच्या आधी दरवर्षी मेसेज फिरतो की ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतात बनलेली वस्तू. तसं नाही. कंपनीने बारकोडचा क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतला, इतकंच त्यावरून कळतं. माल व्हिएतनाममध्ये बनला असेल तरी ८९० असू शकतो आणि नाशिकमध्ये बनलेल्या मालावर दुसऱ्या देशाचा क्रमांक असू शकतो. कुठे बनलं हे बघायचं तर वेष्टनावर लिहिलेला मूळ देश वाचा, भारतात विकायला आणलेल्या वस्तूवर तो लिहिणं बंधनकारक आहे.

पासपोर्टवर कोणता कोड असतो?

हा प्रश्न नाशिककरांनी अधिकाराने विचारावा, कारण भारताची पासपोर्ट पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. तुमचा पासपोर्ट उघडा आणि फोटोच्या पानाच्या तळाशी बघा. दोन ओळी, प्रत्येकीत ४४ स्थानं. पहिल्या ओळीची सुरुवात पी, मग कोनासारखं एक चिन्ह आणि लगेच आयएनडी: पासपोर्ट देणारा देश. दुसऱ्या ओळीत ११ ते १३ व्या स्थानी पुन्हा आयएनडी: तुमचं नागरिकत्व. मधली रिकामी जागा त्या कोनांनीच भरलेली असते. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. पुस्तिकेच्या पानाचा १२५ गुणिले ८८ मिमी हा आकारही आंतरराष्ट्रीय मानकातला आहे. जगातल्या कुठल्याही देशाच्या काउंटरवरचं यंत्र गोदाकाठी छापलेलं पान अडखळल्याशिवाय वाचतं, ते या दोन ओळींमुळे.

महाराष्ट्राला, नाशिकला असा कोड आहे का?

राज्याला आहे. ३१६६ चा दुसरा भाग देशांतर्गत विभागांचा, त्यात महाराष्ट्र म्हणजे आयएन-एमएच. आपल्या गाडीवरच्या एमएच १५ मधला एमएच दिसायला तोच, पण तो मोटार वाहन कायद्याखालचा. जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीचे २७ म्हणजेही महाराष्ट्रच. नाशिकला ३१६६ मध्ये जागा नाही. विमान वाहतुकीत ओझरचा कोड आयएसके. तीच अक्षरं चलनांच्या मानकात, आयएसओ ४२१७ मध्ये, आइसलँडच्या क्रोनाची आहेत. म्हणून कुठलाही कोड लिहिताना तो कोणत्या यादीतला आहे हे आधी ठरवावं लागतं.

द्राक्षांच्या कंटेनरवर आणि पॅलेटवर जे छापलेलं असतं, त्यातलं काय काय मानकातलं?

जवळजवळ सगळंच. पॅकहाऊसमध्ये उभे असाल तर लाकडी पॅलेटच्या बाजूला जळका शिक्का बघा. डावीकडे कणसाचं चिन्ह, उजवीकडे आयएन, एक आडवी रेघ, पॅलेटवाल्याचा नोंदणी क्रमांक आणि एचटी. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया: लाकडाच्या अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली हा नियम आहे. तो आयएसओचा नाही, पण देशाचा कोड मात्र आयएसओचाच उचललेला आहे. शिक्का अर्धवट उठलेला, पुसट किंवा फळी बदलताना कापला गेलेला असेल तर ते पॅलेट बाजूला काढा. आतली द्राक्षं कितीही उत्तम असली तरी पॅलेटवरून माल अडतो.

आता रिफर, म्हणजे शीत कंटेनरचं दार बघा. चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीत एक सुटा अंक. चौथं अक्षर यू म्हणजे मालवाहू कंटेनर. चौकटीतला अंक आधीच्या दहा स्थानांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे टायपिंगमध्ये एक आकडा चुकला तर प्रणाली बहुतेक वेळा लगेच पकडते. खालचं ४५आर१ म्हणजे ४० फुटी, जास्त उंचीचा, शीत कंटेनर. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, निघण्याचं बंदर आयएनएनएसए, म्हणजे न्हावा शेवा, आणि पोचण्याचं एनएलआरटीएम, म्हणजे रॉटरडॅम. दोन्हींची पहिली दोन अक्षरं ३१६६ ची. ग्राहकाने पैसे पाठवले की बँकेच्या स्विफ्ट कोडमध्येही पाचवं-सहावं अक्षर आयएन.

तारीख मात्र अजूनही लोक मनाला येईल तशी लिहितात. ०४/०३ हे आपल्याला चार मार्च आणि अमेरिकन माणसाला तीन एप्रिल. आयएसओ ८६०१ प्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. नाशवंत मालाच्या कागदावर महिन्याची चूक परवडत नाही.

मराठीलाही कोड आहे?

आहे. भाषांच्या यादीत एमआर आणि एमएआर. देवनागरी लिपीचा अंकी कोड ३१५. मोबाइलमध्ये भाषा मराठी निवडली की आत एमआर-आयएन अशी नोंद होते आणि तारखा, अंक, कीबोर्ड त्यावरून ठरतात. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरीतलं नावही घेता येतं. आपल्या दुकानांनी ते जास्त वापरायला हवं.

चहाचंही मानक आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. आयएसओ ३१०३: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं उकळत्या पाण्यात. हे चांगला चहा कसा करावा यासाठी नाही. दोन चहांची चव तपासणाऱ्यांनी एकाच पद्धतीने तुलना करावी, यासाठी आहे. वाइन चाखण्याच्या ग्लासचंही आहे, ३५९१. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत टेस्टिंगला गेलात तर विचारून बघा.

मानक वाचायला कुठे मिळेल? पैसे पडतात का?

भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. आयएसओची विकत घ्यावी लागतात. व्हॉट्सॲपवर आलेली जुनी प्रत वापरू नका. मानकं साधारण दर पाच वर्षांनी तपासली जातात, आणि रद्द झालेल्या आवृत्तीवर काढलेलं ड्रॉइंग पूर्ण लॉट भंगारात घालवू शकतं. क्रमांकापुढचं वर्ष आणि दुरुस्तीपत्रक दोन्ही बघा.

ही मानकं दिल्ली-जिनिव्हात ठरतात. छोट्या उद्योजकाचं तिथे कोण ऐकणार?

ऐकतात. ऐकवणारे कमी आहेत, ही खरी अडचण. हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.

आधी आयएसओत निर्णय कसा होतो ते बघा. तांत्रिक समितीत मसुदा तयार होतो, सदस्य देशांकडे हरकतींसाठी जातो आणि मग मतदान होतं. सहभागी सदस्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत आणि एकूण मतांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त विरोधात नकोत. देश लहान असो वा मोठा, मत एकच. भारताचं मत बीआयएस देतं आणि ते ठरतं बीआयएसच्या विषयवार समित्यांमध्ये. त्यात कारखानदार, प्रयोगशाळा, प्राध्यापक, ग्राहक संघटना असतात. मसाल्यांच्या आंतरराष्ट्रीय उपसमितीचं सचिवालय तर भारताकडेच आहे, म्हणजे मिरी-हळदीची मानकं लिहिताना पेन आपल्या हातात आहे.

भारतीय मानकाचा मसुदा तयार झाला की तो सगळ्यांसाठी खुला ठेवतात. कुणीही सूचना पाठवू शकतं, फी नाही, संघटनेचं सभासदत्व लागत नाही. फक्त पद्धत सांभाळा. 'हे मानक छोट्यांवर अन्याय करतं' असं पत्र कुणी बाजूला ठेवलं तर दोष देता येत नाही. कलम क्रमांक लिहा, तिथे काय अडचण आहे ते लिहा आणि त्याजागी नेमके कोणते शब्द हवेत ते लिहा. सोबत तुमच्या यंत्रावर घेतलेल्या मापांचा तक्ता जोडा. समजा मसुद्यात एका फोर्जिंगची सहनमर्यादा, म्हणजे मापात चालणारा फरक, इतकी घट्ट ठेवली आहे की ती फक्त महागड्या यंत्रावरच मिळेल, आणि वापरात तेवढ्या घट्टपणाची गरज नाही. हे अंबडच्या टूलरूममध्ये बसणाऱ्यालाच माहीत असतं. त्याने मापं पाठवली तर समितीला उत्तर द्यावं लागतं. त्याने पाठवली नाहीत तर मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जे म्हणतील तेच छापलं जातं, आणि पुढची अनेक वर्षं तोच कागद त्याच्या मालाला नापास करत राहतो.

सुरुवात कुठून करू?

तुमच्या वस्तूचा आयएस क्रमांक शोधा आणि मानक उतरवून पूर्ण वाचा, ड्रॉइंगवाल्याला आणि तपासणी करणाऱ्यालाही द्या. मग बीआयएसच्या संकेतस्थळावर त्या विषयाच्या समितीचं पान उघडा. कोणते मसुदे सूचनांसाठी खुले आहेत आणि शेवटची तारीख कोणती, हे तिथे दिसतं. तारीख उलटून जाण्याआधी सूचना पाठवा.